प्रणालीच्या मापाची बंदूक

नत्थूजी पौनीकरांनी आयुष्याची पंचवीसहून जास्त वर्षं एका सहकारी बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन उभं राहण्यात घालवली, आणि तेवढ्या वर्षांत त्या बंदुकीनं एकही चोर पाहिला नाही. एकदा एक सांड तेवढा बँकेत शिरला होता, पण त्याला बाहेर काढायला केळीच्या साली पुरल्या. वर्षातून एकदा सरावाची चार काडतुसं उडवायची, एरवी पुसूनबिसून ठेवायची, एवढंच त्या बाराबोर दुनालीचं काम.

पण ती त्यांची होती, परवाना त्यांच्या नावाचा होता. दसऱ्याला ते तिला हळदकुंकू वाहत, झेंडूची माळ घालत. उमरेडला आजोबांच्या वेळी ही पूजा मागाची व्हायची. माग गेला, घर नागपुरात दिघोरीला आलं, आणि मागाच्या पाटावर बंदूक आली. देव्हाऱ्यात मागावर आडवं सूत टाकायचा एक जुना धोटा मात्र अजून होता. तुळजाबाई, म्हणजे नत्थूजींची बायको, दोघांनाही सारखंच कुंकू लावायची.

मग नत्थूजींचे गुडघे गेले. दिवसभर उभं राहायचं म्हटलं की दुपारनंतर पाय भरून यायचे. बँकेच्या मॅनेजर चारुशीला मॅडमनी एक दिवस त्यांना आत बोलावून चहा पाजला. मॅनेजर वॉचमनला चहा पाजतो तेव्हा काय समजायचं ते नत्थूजी समजले. पण मॅडम पुढं म्हणाल्या, "तुमची प्रणाली काय करते हल्ली? आपल्या शाखेत निम्म्याहून जास्त बचतगटाच्या बायका येतात. दाराशी बाई असली तर मला हवीच आहे. सिक्युरिटी एजन्सीची परीक्षा तेवढी पास व्हावी लागेल."

नत्थूजी त्या दिवशी ऑटो न करता चालत घरी आले. गुडघ्यांची आठवणही झाली नाही.

कारण प्रणालीच्या बाबतीत त्यांच्या काळजात एक काटा होता. पोरीला लहानपणापासून वर्दीचं वेड. पोलीस भरतीसाठी पहाटे उठून धावली, पुस्तकं पाठ केली, आणि मोजपट्टीखाली उभी राहिली की दरवेळी बाद. दोनदा झालं. दुसऱ्यांदा मोजणारी बाई बिचारी हळहळली होती, म्हणाली, "टाचा उचलू नको गं, दिसतंय मला." प्रणाली घरी येऊन हसत हसत हे सांगत होती, आणि सांगता सांगता न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. तेव्हापासून ती एका कापडदुकानात साड्यांच्या घड्या घालत होती. वय सत्तावीस, आणि उंची सातवीच्या पोरीएवढी.

बँकेच्या दारात कुणी उंची मोजणार नव्हतं. परीक्षा एकच, आपल्या बंदुकीनं बोर्डावर नेम मारायचा. पाचापैकी तीन लागले की वर्दी. नत्थूजींनी पंचवीस वर्षं परवाना बाळगल्याच्या जोरावर तो लेकीच्या नावावर करून घेतला, त्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, आणि कागद हातात आल्यावर दोघं बापलेक बंदूक घेऊन कृष्णकांतच्या दुकानात गेले.

कृष्णकांतचं दुकान गांधीबागेच्या कापडबाजाराला लागून होतं. बाजूला लुगड्यांचे ठोक व्यापारी, मधात याचं हत्यारांचं दुकान. माणूस बोलका, नत्थूजींची बंदूक त्याच्याच वडिलांनी विकलेली.

"घे बाई, खांद्याले लाव," तो म्हणाला.

प्रणालीनं बंदूक उचलली, उजव्या खांद्याकडे आणली, आणि दस्त्याचं टोक खांद्यात बसायच्या ऐवजी काखेत शिरलं. हात ताणून ताणून चापापर्यंत कसाबसा पोचला. नळ्यांचं तोंड खाली झुकलं म्हणून तोल सांभाळायला ती मागं रेलली.

कृष्णकांत हसला. "नत्थूजी, हे त नाकापेक्षा मोती जड झालं."

"बंदूक लांब नाही जी, मीच बुटकी आहो," प्रणाली म्हणाली आणि तीही हसली. नत्थूजींना मात्र ते हसणं ओळखीचं होतं. नळ सोडायच्या आधीचं.

"तुले कोन बुटकी म्हणते वं?" ते म्हणाले. "बंदूक मोठ्या माणसासाठी केली त्यायनं. दुसरी पाहू."

मग कृष्णकांतनं एक आखूड दस्त्याची, एकनळी, हलकी बंदूक काढली. "ही पाहा, फुलावानी. बायामाणसाले हलकीच पाहिजे. घेऊन तर पाहा रेंजवर, मी येतो संगं."

नत्थूजींनाही ते पटलं. लहान माणसाला लहान बंदूक, यात चुकीचं काय होतं? कामठी रोडकडच्या रेंजवर तिघं गेले. प्रणालीनं नेम धरला, चाप ओढला, आणि त्या फुलानं तिला अशी लाथ घातली की ती दोन पावलं मागं आली. डोळ्यांत पाणी, गालावर लाल वळ. तरी पोरीनं पुन्हा काडतूस भरलं. बोर्ड कोराच. छर्रे गेले होते सगळे डावीकडच्या मातीच्या बांधात.

रात्री तुळजाबाईनं लेकीच्या खांद्याला हळद आणि तेल लावलं. खांदा जांभळा झाला होता. "अजी," ती नवऱ्याला म्हणाली, "पोरगी आहे का पोतं आहे? काहून हे सोंग करून राहिले तुम्ही?"

"सोंग नाही, नोकरी आहे ते," नत्थूजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कृष्णकांतनंच फोन केला. त्यालाही झोप लागली नव्हती म्हणे. "नत्थूजी, माह्यंच चुकलं. हलकी बंदूक उचलाले बरी, पण धक्का सारा माणसाच्या अंगावर टाकते. तुमची दुनाली जड आहे, धक्का सोताच खाऊन घेते. तीच ठेवा. फक्त..."

"फक्त काय?"

"दस्ता कापा लागंल. दोन बोटं. नळीले हात लावला त जेल होते, पण दस्ता लाकडाचा आहे, तो चालते."

नत्थूजींनी फोन ठेवला. बंदूक भिंतीला टेकलेली होती. दस्त्याच्या टोकाला, जिथं त्यांचा खांदा इतकी वर्षं लागला होता, तिथलं लाकूड गुळगुळीत आणि काळसर झालं होतं. नेमकी तीच दोन बोटं जाणार होती. ती गेल्यावर ही बंदूक त्यांच्या खांद्याला पुन्हा कधी बसणार नव्हती. म्हातारपणी असल्या गोष्टीचं वाईट वाटावं याची त्यांना लाज वाटली, पण वाईट वाटलं ते वाटलंच.

कृष्णकांतच्या दुकानामागं सुताराच्या पाटावर बंदूक आडवी ठेवली तेव्हा प्रणालीनं बापाचा हात धरला. "बाबा, राहू द्या. माह्यासाठी नका कापू."

"काप गा बाबू," नत्थूजी सुताराला म्हणाले, आणि करवत चालेपर्यंत रस्त्यावरच्या हातगाड्यांकडे पाहत राहिले.

कापलेला तुकडा त्यांनी खिशात घातला. घरी आल्यावर तुळजाबाईनं न विचारता तो घेतला, पुसला आणि देव्हाऱ्यात धोट्याशेजारी ठेवला.

आता बंदूक प्रणालीच्या खांद्यात नेटकी बसत होती. हात चापावर पोचत होता. गाल लाकडाला टेकत होता. धक्काही सोसवण्यासारखा होता. सगळं मापात आलं होतं, आणि तरी बोर्ड कोरा. पुन्हा सगळे छर्रे डावीकडे. जरा उजवीकडे नेम धर म्हटलं तर उजवीकडून निघून गेले. सराव संपला, काडतुसं संपली, परीक्षा दोन दिवसांवर आली. कृष्णकांत मागं उभा होता, नत्थूजी मागं उभे होते, आणि दोघांना कारण सापडत नव्हतं. कारण सापडलं नाही की माणूस माणसाला दोष देतो. परतताना कृष्णकांत हळूच म्हणाला, "आता बंदुकीचा दोष नाही नत्थूजी. पोरगी भेते. चाप ओढताना दचकते. सगळ्यालेच जमते असं नाही."

तो हळू बोलला होता, पण प्रणालीला ऐकू गेलं.

त्या रात्री नत्थूजींनी मनाशी ठरवलं. पोरीला तिसऱ्यांदा सगळ्यांसमोर बाद होऊ द्यायचं नाही. उद्या तिला सांगायचं, राहू दे बाई, नाही जमत तर नाही, आणि परवा मॅडमला आपण जाऊन सांगायचं. पोरीच्या तोंडून नकार निघायला नको, बापाच्या निघालेला बरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गच्चीवर होती. चैत्राचं ऊन, तुळजाबाईनं कुरड्या घातल्या होत्या, आणि कुरड्या म्हटल्या की दिघोरीत वानरं आलीच. राखणीला प्रणाली बसायची, लहानपणापासून ते तिचंच काम. नत्थूजी कठडा धरत, एकेका पायरीवर थांबत जिना चढले. "राहू दे बाई" हे शब्द तोंडात तयार होते.

वर पोचले तेव्हा एक मोठं वानर शेजारच्या पत्र्यावर येऊन बसलं होतं, कुरड्यांवर डोळा ठेवून. त्याच्याजवळ एक जुनं गंजकं घमेलं पालथं पडलं होतं. प्रणालीला बाप आल्याचं कळलंच नाही. तिनं कठड्यावरची गलोल उचलली. मारुतीरायाला तर मारायचं नाही, म्हणून तिनं नेम धरला घमेल्यावर. टण्णकन आवाज झाला. वानर उडी मारून पळालं. त्याच्यामागून एक पिल्लू पत्र्याच्या टोकाला आलं, तिनं दुसरा खडा घेतला, पुन्हा टण्ण. घमेलं चांगलं वीस पावलांवर होतं.

नत्थूजी जिन्याच्या तोंडाशी, तिच्या बाजूला उभे होते. रेंजवर ते कायम मागं असायचे. आज पहिल्यांदा त्यांना नेम धरताना पोरीचा चेहरा दिसला.

गलोलीचं बेचकं तिच्या उजव्या हातात होतं. रबर ती डाव्या हातानं ओढत होती, पार डाव्या गालापर्यंत. आणि उजवा डोळा मिटलेला होता.

"प्रणाली," ते म्हणाले. "हे काय करून राहिली तू?"

ती दचकली. "वानर हाकलून राहिली बाबा. काहून?"

"तुहा डोळा कोनता मिटला होता?"

"डोळा? मले नाही माहीत." तिनं आठवून आठवून एक डोळा मिटायचा प्रयत्न केला. उजवा मिटला. मग डावा मिटायला गेली, तर दोन्ही मिटले. पुन्हा केलं, पुन्हा दोन्ही.

"रेंजवरही हाच मिटते का?"

"होय न्. दुसरा मिटतच नाही माहा."

नत्थूजी मटकन टाकीच्या ओट्यावर बसले. "तुळजा! वं तुळजा! वर ये!"

तुळजाबाई हातात पिठाचा चमचा घेऊनच वर आली, नवऱ्याला काही झालं म्हणून. नत्थूजींनी विचारलं, "आपली पोरगी डेबरी होती का?"

डेबरी म्हणजे डावखुरी. तुळजाबाई गोंधळली. जेवते उजव्या हातानं, लिहिते उजव्या हातानं, नोटा उजव्या हातानं घेते. नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं.

"होती," ती म्हणाली. "बाप्पा! लहानपणी होती. पहिला घास डेबऱ्या हातानंच उचलला होता इनं. तुमच्या आईले नाही चाललं. डेबऱ्या हातानं लक्ष्मी जाते म्हणे, सासरचे नाव ठेवतील म्हणे. जेवाले बसली की या हाताले फडकं बांधत. रडे, मग थांबली रडाची. एक दिवस सोताहून उजव्या हातानं जेवली त तुमच्या आईनं गावात साखर वाटली." तिनं चमचा खाली ठेवला आणि लेकीचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "म्या बांधू देलं वं. म्या पाहत राहिली."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं होतं. पौनीकरांच्या घरानं डावा हात इतका बेमालूम मोडला होता की घर विसरलं, आणि जिचा हात तीही विसरली. जेवण, लिहिणं, दिवा लावणं, जे जे कुणी शिकवलं ते ते उजव्या हातानं शिकवलं. गलोल मात्र तिला कुणीच शिकवली नव्हती. गच्चीवर वानरांपुढं तिचा हात धरायला कुणी नव्हतं.

"बंदूक आणतो," नत्थूजी म्हणाले आणि गुडघ्यांची पर्वा न करता जिना उतरले.

रिकामी बंदूक त्यांनी तिच्या हातात दिली. "डाव्या खांद्याले लाव."

तिनं लावली. अवघडल्यासारखं झालं, कोपर कुठं ठेवावं कळेना. मग गाल दस्त्यावर टेकला, उजवा डोळा आपोआप मिटला, आणि ती एकदम स्थिर झाली.

"बाबा," ती म्हणाली. "टोकावरची नेमाची माशी दिसून राहिली. नळीच्या बरोबर मधात."

"आतापर्यंत कशी दिसे?"

"तिरपी. नळी तिरपी आन् माशी बाजूले. मले वाटलं, सगळ्यालेच तशी दिसते."

तिरप्या नळीनं पोरगी दोन महिने झगडत होती, खांदा फोडून घेत होती, आणि एकदाही म्हणाली नव्हती की मला नीट दिसत नाही. तिला वाटलं असणार, दोष आपल्यातच आहे. मोजपट्टीनं तिला तेवढंच शिकवलं होतं.

संध्याकाळपर्यंत ती गच्चीवर रिकामी बंदूक उचलत राहिली. खाली, वर, खांद्याला. खाली, वर, खांद्याला. कुरड्यांची राखण त्या दिवशी तुळजाबाईनं केली.

परीक्षेला सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार होते, कामठीचे. मिशा पांढऱ्या, बोलणं मोजकं. सोळा-सतरा पुरुष आणि ही एकटी. रांगेत ती उभी राहिली तेव्हा कुणीतरी खाकरलं. नत्थूजी कुंपणापाशी कृष्णकांतबरोबर उभे होते. डाव्या हातानं तिनं आजवर एकही काडतूस उडवलं नव्हतं, हे त्या दोघांनाच माहीत होतं.

तिचं नाव पुकारलं. तिनं बंदूक भरली, उचलली, आणि सवयीनं उजव्या खांद्याला लावली.

"अरे देवा," कृष्णकांत पुटपुटला. नत्थूजींनी डोळे मिटून घेतले. ओरडून सांगावं तर नियमात बसत नव्हतं.

आवाज झाला नाही. त्यांनी डोळे उघडले. प्रणालीनं बंदूक खाली घेतली होती.

"काय झालं?" सुभेदारांनी विचारलं.

"सर, मी डेबरी आहो," प्रणाली म्हणाली. रांगेतली चार माणसं हसली. तिनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. "डाव्या खांद्यानं मारलं त चालंल का?"

सुभेदारांनी तिच्याकडे पाहिलं, मग बोर्डाकडे. "बोर्ड खांदा विचारत नाही. मारा."

पहिल्या बाराला बोर्डाच्या मधोमध छर्र्यांची जाळी पडली. दुसरा बारही लागला. नळ्या उघडायची कळ डाव्या हाताला उलटी पडत होती, म्हणून काडतुसं बदलताना तिची धांदल उडाली, आणि त्या घाईत तिसरा हुकला. ती थांबली, एक श्वास घेतला. उरलेले दोन्ही लागले. कृष्णकांतनं नत्थूजींच्या पाठीवर असा धपका मारला की त्यांना बंदुकीच्या धक्क्याची आठवण झाली. "मी म्हटलं ती भेते," तो म्हणाला. "माह्या तोंडाले आग लागो."

सुभेदारांनी बंदूक हातात घेऊन दस्ता निरखला. "कुणी कापला?"

"माह्या बाबांनी," प्रणाली म्हणाली. "त्यायची बंदूक होती."

सुभेदारांनी कुंपणाकडे पाहिलं. नत्थूजींना दोन बोटं कपाळापर्यंत उचलून सलाम केला. पंचवीस वर्षांत नत्थूजींनी लोकांना केलेले सलाम मोजता येण्यासारखे नव्हते. त्यांना झालेला हा पहिला.

सोमवारी प्रणाली बँकेत रुजू झाली. वर्दीच्या बाह्या तुळजाबाईनं चार बोटं दुमडून शिवल्या होत्या. निघताना देव्हाऱ्यापुढं तिनं डोकं टेकवलं, धोट्याला आणि लाकडाच्या तुकड्याला. नत्थूजी सोडायला बरोबर गेले. कशाला म्हणून तिनं विचारलं, तर म्हणाले, मॅडमचा चहा प्यायला.

बँकेच्या दाराच्या उजव्या अंगाला त्यांचं जुनं लाकडी स्टूल होतं. बंदूक उजव्या हाताशी, पाठ भिंतीला, असं बसलं की आख्खा रस्ता नजरेत यायचा. त्यांच्या पाठीनं तिथला चुना काळा पडला होता. प्रणाली त्या स्टुलावर बसली, बंदूक डाव्या खांद्याशी घेतली, आणि नळीचं तोंड दाराच्या चौकटीला अडलं. तिनं जरा सरकून पाहिलं. पुन्हा अडलं. मग ती बापाची जागा म्हणून तशीच अंग चोरून बसून राहिली.

नत्थूजींनी ते पाहिलं. "उठ वं बाई," ते म्हणाले.

ती उठली. त्यांनी वाकून स्टूल उचललं. गुडघा कळवळला, प्रणाली धावली, पण त्यांनी तिला हात लावू दिला नाही. दार ओलांडून त्यांनी ते पलीकडे नेलं आणि डाव्या अंगाला, जिथं आजवर कुणी बसलं नव्हतं, जिथला चुना अजून पांढरा होता, तिथं भिंतीला लावून ठेवलं.

"हं," ते म्हणाले. "आता बस."